दोन टोकांना दोन माणसं: गावातली, सोसायटीतली फूट सांधायला तुम्ही काय केलंत?

माणदेशी_पाऊस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं अजून तिथंच नांदतात. गावात दोन पार्ट्या. ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दूध संस्था, जी निवडणूक येईल ती याच दोन पार्ट्यांत. मी चौथीत असताना सोसायटीच्या मतदानादिवशी मारामारी झाली, केस झाली, आणि तेव्हापासून एका पार्टीची लग्नपत्रिका दुसऱ्या पार्टीच्या घरात जात नाही. मयतीला जातात, लग्नाला नाही. हरिनाम सप्ताह दोन, गणपती दोन, पिठाची गिरणीसुद्धा दोन.

२०१८ ला गाव वॉटर कपमध्ये उतरलं. गावानं श्रमदानानं पाणी अडवायची, जिरवायची पानी फाउंडेशनची ही स्पर्धा २०१६ ला वरुड, अंबाजोगाई आणि आमच्याच जिल्ह्यातलं कोरेगाव अशा तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१८ पर्यंत ७५ तालुके झाले होते. ८ एप्रिलपासून ४५ दिवस काम. मी पुण्याहून शनिवार-रविवार जायचो, शेवटी बिनपगारी रजा काढून पंधरा दिवस राहिलो. खोरं, टिकाव, घमेली घेऊन रात्री बारा वाजता डोंगराकडं निघालेली माणसं, पुढं बॅटऱ्या, मागं पोरं, हे मी जन्मात विसरणार नाही. पण धागा काढलाय तो त्यासाठी नाही.

हायड्रोमार्कर नावाचं एक साधं साधन असतं. दोन काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या पट्ट्या, आणि दोन्हींना जोडणारी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. एक माणूस एका जागी काठी धरून उभा राहतो. दुसरा उतारावर वर-खाली सरकत राहतो, दोन्ही पट्ट्यांवर पाण्याचा आकडा सारखा येईपर्यंत. सारखा आला की तिथं फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड, टाकायची. फक्कीच्या त्या रेघेवर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीतला चर खोदायचा. रेघ चुकली की चरातलं पाणी एका अंगाला पळतं आणि सगळी मेहनत वाहून जाते.

हे साधन एकट्या माणसाला वापरताच येत नाही.

प्रशिक्षणाला गेलेल्या पाच जणांत एका पार्टीचे तात्या होते, दुसऱ्या पार्टीचे आबा. त्या जुन्या केसमध्ये दोघांनी एकमेकांविरुद्ध साक्ष दिलेली. एका सकाळी बाकी तिघं मशीन आणायला दहिवडीला गेले आणि डोंगरावर आखणीला हे दोघंच उरले. मी फक्कीची पाटी घेऊन मधे उभा. दहा मिनिटं कुणीच बोलेना. ऊन चढायला लागलं. शेवटी तात्यांनी काठी रोवली, पट्टीकडं बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "चव्वेचाळीस." आबाही माझ्याकडंच बघून म्हणाले, "शेहेचाळीस." मी म्हटलं, आबा, जरा वर सरका. ते सरकले. "पंचेचाळीस." तिकडून तात्या, "पंचेचाळीस." मी फक्की टाकली.

दुपारपर्यंत मला मधे बोलायची गरज उरली नाही. "अजून वर." "थांबा, नळीत हवा हाय." "आता बघा." इतकंच. वीस वर्षांनंतर दोघं एकमेकांशी बोलले ते आकडे.

त्या वर्षी आमच्याच तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. आम्हाला बक्षीस नाही मिळालं, पण जूनमधे चर भरले तेव्हा दोन्ही पार्ट्यांची माणसं भिजत डोंगरावर उभी होती.

मग जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि पुन्हा जैसे थे. तात्या-आबांचा रामराम तेवढा राहिला. २०२३ पासून आरक्षणाच्या आंदोलनांनंतर पार्टीच्या जोडीला जातही उघड बोलली जाऊ लागली. गावचा व्हॉट्सॲप ग्रुप फुटून दोन झाले. माझ्या बरोबरीची पोरं, एका ताटात जेवलेली, एकमेकांचं स्टेटस बघून चहाची टपरी बदलतात. हे मला सहन होत नाही.

तर प्रश्न असा. एकोप्यावर भाषण नको, तेवढी ऐकून झालीत. तुम्ही स्वतः, तुमच्या आळीत, सोसायटीत, शाळेत, घरात असं काय केलंत की ज्यानं बोलणं सुरू झालं? आणि टिकलं का? नसेल टिकलं तर का?

रानजाई

वाचून अंगावर काटा आला. आकड्यांची गोष्ट फार आवडली. वाचते आहे, सगळ्यांनी लिहा.

यंत्रमाग

माझं लहानपण भिवंडीत गेलं, त्यामुळे राहवत नाही.

भिवंडीनं १९७० ची दंगल पाहिली, १९८४ ची पाहिली. १९८४ ला मी सात वर्षांचा होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जळलेल्या सुताचा वास कितीतरी दिवस होता, तेवढंच आठवतं. पुढे १९८८ ला सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागातले पोलीस, एकत्र बसायचे. आमचे वडील एका कमिटीत होते. वडील मागावर मुकादम, पुढारी वगैरे कधीच नव्हते.

लोकांना वाटतं कमिटीत हिंदू-मुस्लीम ऐक्यावर चर्चा व्हायची. वडिलांच्या तोंडून मी ऐकलंय ते असं: तुंबलेलं गटार, रात्री दोनला येणारं पाणी, कुणाच्या पोराची मोटरसायकल, भाडेकरूचं भांडण. वडील वैतागून म्हणायचे, आज दीड तास नुसतं गटारावर गेला. पण त्या दीड तासात त्यांना पलीकडच्या मोहल्ल्यातल्या दहा माणसांची नावं, घरं, पोरं माहीत झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा भिवंडीतही आल्या होत्या. अफवा आली की वडील चपला घालून थेट त्या माणसाच्या दारात जायचे आणि विचारायचे, भाई, असं असं ऐकतोय, काय आहे? विचारायला एक दार माहीत होतं, तेवढाच फरक.

पुढे मुंबईतही १९९४ पासून तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं अशा कमिट्या झाल्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, टिकलं का. २००६ ला भिवंडीतच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भडका उडाला आणि दोन पोलिसांचा जीव गेला. वडिलांना त्या दिवशी मी प्रथमच रडताना पाहिलं. त्यांचं म्हणणं होतं की शांतता आहे म्हणून बैठका विरळ झाल्या, नवीन अधिकाऱ्यांना त्यात रस राहिला नाही, आणि जुनी माणसं थकली. काही घडलेलं नसतानाही भेटत राहायला हवं होतं, हे वाक्य ते शेवटपर्यंत बोलत.

सह्यकडा

माणदेशी, भावना पोचल्या. पण स्पष्ट बोलतो. चर खोदून किंवा गटार साफ करून मूळ प्रश्न सुटत नाहीत. आरक्षण, शेतमालाचा भाव, पोरांना नोकऱ्या नाहीत, लग्नं जमत नाहीत. राग तिथून येतो. जोवर तो आहे तोवर पुढारी येऊन काडी लावणार. मग आपण पुन्हा पाणी टाकत बसायचं?

माणदेशी_पाऊस

सह्यकडा, खरंय. चर खोदल्यानं आरक्षणाचा प्रश्न सुटत नाही, तसं मी म्हणतही नाही. पण आज गावात त्या प्रश्नावर भांडणसुद्धा होत नाही. दोन वेगळ्या ग्रुपवर दोन वेगळी भाषणं फिरतात. समोरासमोर बसून कडकडून भांडता आलं तरी मला पुष्कळ वाटेल. त्यासाठी आधी एका ओट्यावर बसायला तर हवं.

कोरडवाहू

मी जरा कडू लिहिणार आहे. राग मानू नका.

मी लातूरकडचा, आमची वस्ती गावाबाहेर. आमच्याही गावात श्रमदान झालं, वस्ती सगळी गेली. माझी आई चाळीस दिवस गेली. आम्हाला जमीन नाही. चर अडवणार ते पाणी ज्यांच्या विहिरीत उतरणार, त्यांत आमची विहीर नाही. तरी गेली, कारण गाव आपलं आहे असं तिला वाटतं. कामावर प्यायच्या पाण्याचा एक माठ होता. इतर बायका तांब्या बुडवून घ्यायच्या. आईला आणि तिच्या जावेला वरून ओतून दिलं. २०१७ साल होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी काही बोललं नाही, हसत हसत ओतून दिलं.

बाबा आढावांनी १९७२ च्या सुमारास 'एक गाव एक पाणवठा' मोहीम काढली, गावोगाव फिरून पाणवठे कुणासाठी खुले आणि कुणासाठी बंद याची नोंद केली. त्याच्या ४५ वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. आणि माझ्या आईला त्यानंतर ९० वर्षांनी ओंजळ पुढे करावी लागली.

म्हणून माझं एकच सांगणं. तात्या आणि आबांची गोष्ट चांगली आहे, पण ते दोघंही बहुधा एकाच थरातले. दोन बरोबरीच्या माणसांतलं भांडण मिटणं आणि खालच्याला बरोबरीचं धरणं, या दोन गोष्टी एक नाहीत. एकोपा म्हणताना आधी बघा, माठ कुठं ठेवलाय आणि तांब्या कुणाच्या हातात आहे.

रानजाई

कोरडवाहू, लिहिलंत हे फार बरं केलंत.

यंत्रमाग

सहमत. कमिटीतही सुरुवातीला खुर्च्यांवर कोण आणि सतरंजीवर कोण, हा प्रश्न आला होता असं वडील सांगायचे. मग सगळेच सतरंजीवर बसू लागले.

माणदेशी_पाऊस

कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. मी पंधरा दिवस त्या डोंगरावर होतो. आमच्याकडं माठ कुठं होता, पाणी कोण द्यायचं, मला एक अक्षर आठवेना. ज्याला वरून ओतून दिलं जात नाही त्याच्या ते लक्षातच राहत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं.

सकाळी आईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पहिलं चार दिस वस्तीवरल्या बाया घरनं कळशी घेऊन यायच्या. आपल्या माठाला हात लावायच्या न्हाईत." मी विचारलं, तू काही बोलली नाहीस? म्हणाली, "न्हाई बोलले. चूक झाली." पाचव्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या, त्यांनी माठ उचलून बाजूला ठेवला आणि शाळेतला प्लास्टिकचा ड्रम आणून दगडांवर चढवला. त्याला तोटी होती. साखळीला एक स्टीलचा पेला. ज्याला तहान लागेल त्यानं आपल्या हातानं तोटी सोडायची, ओतणारं कुणी राहिलंच नाही. बाईंनी त्यावर एक शब्द भाषण केलं नाही. दोन-चार म्हाताऱ्या दोन दिवस घरनं पाणी आणू लागल्या, मग उन्हानं त्याही तोटीवर आल्या.

हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. ज्यांनी खरं काम केलं त्या बाईंचा माझ्या गोष्टीत उल्लेखच नव्हता.

कोरडवाहू

तुम्ही आईला विचारलंत, हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. ड्रमचं आमच्या गावातल्या पोरांना सांगतो.

पंचगंगा

मी कुरुंदवाडची, कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडे काही मशिदींत गणपती बसतो, ही जुनी रीत आहे. लोक बातमीत वाचून हळहळतात, 'किती छान' म्हणतात. मला त्यामागचं रोजचं काम सांगावंसं वाटतं. मोहरम आणि गणपती ३२-३३ वर्षांनी पुन्हा पुन्हा एकत्र येतात, कारण हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. २०१९ ला असे एकत्र आले होते. एकाच मांडवात बाप्पा आणि पीर, एका ताटात मोदक आणि मोहरमचे गोड चोंगे. आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे महापूर. शिरोळ तालुका पाण्याखाली होता. गाळ काढून, भिंती धुऊन तीन आठवड्यांत सण आला.

पण आधी बैठका किती होतात! वर्गणी कुणी फाडायची, अजानच्या वेळी स्पीकर कधी बंद, आरतीची वेळ काय, मिरवणूक कुठल्या रस्त्यानं. दर वर्षी तेच प्रश्न, दर वर्षी नव्यानं बोलायचे. गेल्या वर्षी काय ठरलं होतं ते पुढे चालवायचं म्हणून सोडून देत नाहीत, कारण पोरं नवी असतात. माझा भाऊ अठराव्या वर्षी पहिल्यांदा बैठकीला गेला तेव्हा त्याला कळलं की ही रीत कुणीतरी दर वर्षी राखतं.

खडू_फळा

मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. फार लिहीत नाही, पण आमच्याकडचे दिवस तुम्ही बातम्यांत बघितलेच असतील.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि तिसरीतली दोन मुलं एका बाकावर बसायला तयार होईनात. आधी जोडीनं बसायची. एकानं सांगितलं, पप्पा म्हणाले त्यांच्यात बसू नको. तिसरीतलं मूल. मी काय समजावणार? मी हजेरी बदलली. आमच्याकडे आडनावानं हाक मारायची पद्धत होती, मी फक्त नावानं सुरू केली. एकाच नावाच्या दोघी असतील तर आईचं नाव जोडायचं. भित्तिपत्रकावर, वह्यांवर, खिचडीच्या ताटांवर फक्त नाव. वरिष्ठांनी विचारलं, नियमात बसतं का? दप्तरी पूर्ण नाव आहेच, वर्गात हाक कशी मारायची ते शिक्षकानं ठरवायचं, असं मी सांगितलं. पुढे २०२५ ला आमच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली, तेव्हा वर्गातली पोरं म्हणाली, बाई, पोलिसांनी आपलं बघून केलं. मी काही बोलले नाही, त्यांना तो आनंद राहू दिला.

ती दोन मुलं आता पाचवीत आहेत. एका बाकावर बसत नाहीत. पण कबड्डीत एका संघात असतात आणि एकमेकांना नावानं हाका मारतात. एवढं झालं, याहून जास्त झालं असं मी सांगणार नाही.

सिनसिनाटीकर

इथे अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. २०१६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर लगेच, डिसेंबरमधे, आमच्यापासून जवळ साऊथ लेबनन नावाच्या गावात ट्रम्पचे १० आणि क्लिंटनचे ११ मतदार एका शनिवार-रविवारी एकत्र बसले. त्यातून आजची 'ब्रेव्हर एंजल्स' संस्था उभी राहिली. बैठकीची पद्धत बिल डोहर्टी या कुटुंब-समुपदेशकानं बसवली, म्हणजे मोडायला आलेले संसार सांधणाऱ्या माणसानं. मी एका बैठकीला गेले होते. एक बाजू मधे गोल करून बोलते, दुसरी बाहेर बसून फक्त ऐकते. नंतर अदलाबदल. आणखी एक: आपल्या बाजूबद्दल लोक काय काय वाईट बोलतात याची यादी आपणच करायची, आणि त्यात खरं किती तेही आपणच सांगायचं.

हे मी नाशिकच्या माझ्या सख्ख्या भावावर करून पाहिलं. २०१९ पासून आमचं राजकारणावरून इतकं बिनसलं होतं की राखी पोचली की 'मिळाली' एवढाच मेसेज यायचा. मी फोन करून म्हटलं, दादा, आज मी वाद घालणार नाही. माझ्या बाजूच्या लोकांचं तुला सगळ्यात काय खटकतं ते सांग, त्यातलं खरं किती ते मी सांगते. तो वीस मिनिटं बोलला. मी तीन गोष्टी कबूल केल्या, मनापासून, कारण त्या खऱ्याच होत्या. फोन ठेवताना म्हणाला, उद्या माझी पाळी. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन कबूल केल्या. मत दोघांचंही तेच आहे, पण रविवारचा फोन सुरू झाला.

पेठेतला

आमची पुण्यातली सोसायटी, ९६ फ्लॅट. २०२४ ला आधी लोकसभा, मग विधानसभा, आणि ग्रुपवर आगडोंब. 'राजकीय पोस्ट नको' हा नियम तीन वेळा केला, तीन वेळा मोडला. त्यातच ग्रुपवर सगळ्यात जोरात भांडणाऱ्या एका काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मुलगा परदेशात, काकू एकट्या. आमच्या मजल्यावरच्या एका ताईंनी लिफ्टशेजारी कागद चिकटवला: पंधरा दिवस, दोन वेळचा डबा, समोर रिकामी जागा. बिनमिठाचं, तेल कमी. संध्याकाळपर्यंत कागद भरला. ज्या गृहस्थांशी काकांचं सगळ्यात कडाक्याचं भांडण, त्यांनी दोन दिवस घेतले आणि डबा स्वतः वर नेऊन दिला. ग्रुपवर अजूनही वाद होतात, पण 'तुमच्यासारख्यांना' हा शब्द तेव्हापासून मी वाचलेला नाही.

सह्यकडा

मी वर विरोधात लिहिलं होतं. अजूनही मूळ प्रश्नांबद्दलचं मत तेच आहे. पण धागा वाचून एक भर घालतो, कारण यात मी होरपळलोय. आमच्या गावात ओढा स्वच्छ करायचं काम छान चाललं होतं. तिसऱ्या रविवारी एकानं फ्लेक्स लावला, वर नेत्याचा फोटो, खाली कार्यकर्त्यांचे. चौथ्या रविवारी निम्मी माणसं आली नाहीत. तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवून टाका: फ्लेक्स नाही, नारळ नाही, सत्कार नाही, फोटो काढलाच तर फक्त ओढ्याचा. आणि खर्चाचा हिशोब देवळाच्या भिंतीवर खडूनं, रोजच्या रोज. पैशाचा संशय आला की सगळं संपतं.

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याच्या ग्रामसभेनं २०२४ ला आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड ठरवला. आमच्याकडं निम्मी भांडणं शिवीवरूनच चिघळतात, तेव्हा हेही ग्रामसभेत मांडून बघा.

माणदेशी_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार. या शनिवारी गावी आलोय, तिथूनच लिहितोय.

काल संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर अकरा माणसं आली. दोन्ही पार्ट्यांची, तिन्ही वस्त्यांवरची. सगळे सतरंजीवर. २०१८ चे चर आता गाळानं भरलेत, ते उपसायचे ठरले. दर रविवारी सकाळी सहा ते नऊ, पाऊस येईपर्यंत. पाऊस आल्यावरही महिन्यातून एकदा ओट्यावर भेटायचं, काम असो नसो. फ्लेक्स नाही. हिशोब शाळेच्या फळ्यावर. पहिल्यांदा वस्तीच्या अंगाचा ओढा अडवायचा, म्हणजे तिथल्या हातपंपाला पाणी वाढेल. हे वस्तीवरच्या एका मावशींनी मांडलं. यावर थोडी कुरकुर झाली, अर्धा तास गेला, पण ठरलं. शाळेतल्या बाईंची बदली झालीय. ड्रम शाळेतच आहे, तोटी गळते, नवीन आणली.

आरक्षणावर कुणी बोललं नाही. आज ना उद्या बोलतील.

आबा कालच्या बैठकीला होते. तात्या नव्हते, गुडघे दुखतात म्हणून. आज सकाळी त्यांच्या घरी गेलो. हायड्रोमार्कर त्यांच्याच माळ्यावर पडला होता, काठ्या ठीक आहेत, नळी पिवळी पडलीय. मी म्हटलं, तात्या, ओढ्याच्या अंगाला नवीन आखणी करायचीय, एक टोक तुम्ही धराल का?

"दुसऱ्या टोकाला कोन हाय?"

"आबा."

तात्यांनी नळी हातात घेऊन उजेडात धरली, एका टोकातून बघितलं.

"आतनं शेवाळ धरलंय. धुऊन ठेव. आकडा दिसाया पायजे."